जुनी बुलेट की नवी? मुंबईत राहून ठरवताना

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीखाली माझ्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक १९८६ची बुलेट ३५०. बिडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. दुसरी २०२२मध्ये शोरूममधून काढलेली क्लासिक ३५०. पहिली मी १९९४ला सेकंडहँड घेतली. परळला लॅब टेक्निशियनची नोकरी होती, पहिली पाळी सकाळी सातची. सव्वासहाला निघायचं, हायवेने सायन, तिथून आंबेडकर रोड, आणि पावणेसातला गाडी स्टँडवर. तीस वर्षं हा रस्ता मी मोटारसायकलवरून केला. आता निवृत्त झालेय, पण आठवड्यातून चार दिवस तरी दोन्हींपैकी एक गाडी बाहेर निघतेच.

गेल्या महिन्यात मुलुंडची भाची घरी आली आणि जेवताना म्हणाली, "मावशी, हातात सव्वादोन लाख आहेत. तुझ्यासारखी जुनी शोधू की सरळ नवी काढू?" ती रोज ऐरोलीला कामाला जाते. घरात दुसरी गाडी नाही. तिला त्या रात्री जे सांगितलं आणि नंतर तिच्याबरोबर गाड्या बघत फिरताना जे सुचत गेलं, ते इथे लिहिते आहे. हाच प्रश्न मला सिग्नलला आणि पेट्रोल पंपावरही अनेक जण विचारतात.

माझं मत आधीच सांगते. ज्या गाडीवर रोज वेळेत कामाला पोचायचं आहे आणि जिच्याशिवाय दुसरी सोय नाही, ती गाडी जुनी नसावी. ज्याच्या खिशात लोकलचा पास आहे किंवा दारात दुसरी गाडी आहे आणि रविवारची सकाळ मोकळी आहे, त्याने जुनी बुलेट जरूर घ्यावी. पुढचं सगळं याचंच स्पष्टीकरण आहे.

सकाळपासून सुरू करते, कारण दोन गाड्यांमधला खरा फरक सकाळीच कळतो. जुन्या बुलेटला बटण नाही. चावी फिरवली की हेडलाइटच्या वर, स्पीडोमीटरशेजारी, अँपिअर मीटरचा छोटा काटा असतो, तो वजा बाजूला झुकतो. किक पायाने हळूहळू दाबत न्यायची. एका जागी पायाखाली कडक लागतं आणि काटा मधोमध येतो. पिस्टन काँप्रेशनला वर आला, हे त्यावरून कळतं. तिथे थांबायचं. डाव्या मुठीजवळची डीकॉम्प्रेशनची छोटी पट्टी ओढायची आणि किक आणखी दोन बोटं खाली न्यायची. पट्टी सोडायची, किक वर येऊ द्यायची, मग पूर्ण वजन टाकून एकच किक, शेवटपर्यंत. पाय मध्येच सैल पडला तर किक उलटी मारते. गाडी घेतली त्याच हिवाळ्यात ती माझ्या घोट्यावर अशी बसली की आठ दिवस मी बसने गेले.

माझी उंची पाच फूट दोन इंच. तेव्हा वजन ४८ किलो होतं. बाईला बुलेटची किक बसणार नाही, असं तोंडावर सांगणारे पुष्कळ भेटले. काटा बरोबर वाचता आला की ताकद फारशी लागत नाही, हे मला आमच्या मिस्त्रीने एका दुपारी दाखवलं आणि त्यानंतर कुणाला गाडी चालू करून द्यायला मी कधी सांगितलं नाही. सेंटर स्टँडचंही तसंच. टाच स्टँडच्या दांडीवर, एक हात हँडलला, दुसरा सीटखाली, आणि अंगाचं सगळं वजन टाचेवर. गाडी आपणहून मागे चढते. त्यामुळे उंची किंवा वजन कमी आहे म्हणून कुणी जुनी गाडी सोडू नये. उलट वजनाने जुनी हलकीच आहे. माझी १६५ किलोच्या आसपास, नवी क्लासिक १९५. इमारतीच्या अरुंद वाटेतून गाडी मागे ढकलत बाहेर काढताना हे तीस किलो कमरेला कळतात.

नवीला बटण दाबायचं की झालं. पण इथे एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही: २०२१पासूनच्या नव्या क्लासिकला किकच नाही. मागच्या गणपतीला मी तीन आठवडे कणकवलीला होते. परत आले तर बॅटरी उतरलेली, स्टार्टर नुसता टकटक करतोय. शेजारच्या रिक्षावाल्याच्या बॅटरीला वायर जोडून ती चालू केली. जुनीही तीन आठवडे उभी होती, तिचा त्रास वेगळा. बुलेटचं ऑइल क्रँककेसच्या शेजारच्या टाकीत असतं. गाडी फार दिवस उभी राहिली की ते हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं, किक जड होते आणि चालू झाल्यावर पाच मिनिटं निळसर पांढरा धूर. आमच्या तळमजल्यावरच्या आजी खिडकी लावून घेतात. खालचा बोल्ट काढून ऑइल गाळून घेतलं की काम होतं, पण त्याला अर्धा तास आणि एक जुना पंचा लागतो. सोमवारी सकाळी सव्वासहाला हा अर्धा तास कुणाकडे नसतो.

ट्रॅफिकमध्ये नवी सरस आहे, यात वाद नाही. एलबीएस रोडवर कुर्ल्याला संध्याकाळी सात वाजता जुनी बुलेट घेऊन अडका म्हणजे कळेल. क्लच तापतो, प्लेटा फुगतात, आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. गिअरबॉक्सवर न्यूट्रल फाइंडरची वेगळी पट्टी असते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधून टाचेने ती दाबली की गाडी थेट न्यूट्रलला येते, पण पहिल्यातून येत नाही. म्हणून जुन्या गाडीवाले सिग्नल लांबून दिसला की पहिल्याला जायच्या आधीच न्यूट्रल करून घेतात. ही सवय माझ्या पायात इतकी मुरली आहे की नवीवरही टाच ती पट्टी शोधते.

आणि गिअर-ब्रेकची अदलाबदल. जुनीला उजव्या पायाने पहिला वर, मग तीन खाली. ब्रेक डावीकडे. एकदा अंगवळणी पडलं की काही नाही, पण रोज ऑफिसला स्कूटर आणि रविवारी बुलेट असं करणाऱ्याने पहिले दोन महिने फार जपावं. अचानक काही आडवं आलं की विचार करायला वेळ नसतो. पाय आपल्या जुन्या सवयीने पडतो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. भाचीला मी ही एकच गोष्ट तीनदा सांगितली.

आता ब्रेक. इथे मी कोणाचंही ऐकून घेणार नाही. जुनीला पुढे-मागे ड्रम. कोरड्या रस्त्यावर, वेग साठच्या आत ठेवून, पुढच्या गाडीपासून अंतर राखून चालवली तर ते पुरतात. पण आपल्या शहरात पावसाळा चार महिन्यांचा असतो. हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून बाहेर पडलं की ड्रमच्या आत पाणी शिरलेलं असतं आणि पुढच्या सिग्नलला लिव्हर मुठीपर्यंत ओढला तरी गाडी सरळ पुढे जाते. पाण्यातून निघाल्यावर शंभर-दीडशे मीटर ब्रेक हलका दाबून ठेवत चालवायचं, म्हणजे आतलं पाणी सुकतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. परळच्या पुलाखाली एका टॅक्सीच्या मागच्या बंपरवर थांबल्यावर कळलं.

नवीला दोन्हीकडे डिस्क आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचंच आहे. २०२३च्या जुलैमध्ये घाटकोपरजवळ हायवेवर एक रिक्षा माझ्यासमोर अचानक डावीकडे वळली. रस्ता ओला, वर मेट्रोच्या कामाची लोखंडी प्लेट. मी दोन्ही ब्रेक दाबले, पायाखाली धडधड लागली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. प्लेटवर जुनी असती तर चाक जाम होऊन मी आडवी झाले असते. घरी येऊन मी क्लासिकच्या चाकाशेजारी बराच वेळ बसून होते. ज्यांना लहान मुलं आहेत किंवा जे रोज कुणाला तरी डबलसीट नेतात, त्यांनी या एका मुद्द्यावर निर्णय घेतला तरी माझ्या मते तो बरोबर आहे. डबलसीटवाल्याला हेल्मेट २०२२पासून मुंबईत पोलीस तपासतात. ते विकत घेण्याचे पैसेही गाडीच्या पैशांत धरा.

पण पावसाचीच दुसरी बाजू सांगितली नाही तर जुनीवर अन्याय होईल.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. दुपारी तीनला मी परळहून निघाले, कुर्ल्याला कमानीच्या अलीकडे पाणी सीटपर्यंत आलं आणि इंजिन बंद पडलं. एका दुकानाच्या शटरला साखळीने गाडी बांधून मी एलबीएस रोडने चालत विक्रोळीला आले, रात्री साडेअकराला. २८ तारखेला परत गेले तेव्हा बुलेट तिथेच होती. गाळाने माखलेली, सीटवर कुणाची तरी चप्पल. मिस्त्री आणि मी तिला ढकलत गॅरेजपर्यंत आणलं. खालचा बोल्ट काढला तर ऑइल म्हणून जे बाहेर आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर उघडून धुतला, पॉइंट पुसून कागदाने घासले. प्लग काढून किक मारत राहिलो तेव्हा सायलेन्सरमधून तांब्याभर पाणी निघालं. ऑइल भरलं, पाच मिनिटं चालवून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी ते स्वच्छ आलं. एकूण खर्च हजाराच्या आत. ३१ तारखेला मी तिच्यावर कामाला गेले. त्याच गल्लीत त्याच पाण्यात सापडलेल्या कित्येक गाड्या महिनाभर हलल्या नाहीत.

जुन्या बुलेटचं सगळं यंत्र डोळ्यांना दिसतं. हवा, पेट्रोल, ठिणगी या तीन गोष्टी आणि त्या तपासायला एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि प्लगचा पाना. पुशरॉडचं झाकण उघडून बोटांनी दांडी फिरवायची. सहज फिरली पण वरखाली हलली नाही की टॅपेट बरोबर. नवीला फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, वायरिंगचा जुडगा आहे. ती सहजासहजी बंद पडत नाही, हे तिचं मोठेपण. पण पाण्यात बंद पडली तर फुटपाथवर बसून काही करता येत नाही, टेम्पो बोलवावा लागतो. नवी घेणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाण्यातल्या इंजिनाचं असं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं.

चालवण्यातला आनंद कागदावर मांडता येत नाही, पण तो कुठून येतो हे सांगता येतं. जुन्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०. पिस्टन लांब जातो, फ्लायव्हील जड आहे. म्हणून एकेक ठोका सुटा ऐकू येतो आणि चौथ्या गिअरमध्ये पंचेचाळीसच्या वेगालाही इंजिन कुरकुरत नाही. ताकद अठरा हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण डिसेंबरमध्ये पहाटे पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याच्या झाडीतून पन्नासच्या वेगाने ती चालवताना सायलेन्सरचा आवाज दोन्ही बाजूंच्या झाडांवर आपटून परत येतो. हँडलमधून तो मनगटात आणि पायाच्या तळव्यात उतरतो. गाडी आपल्याशी बोलते म्हणतात ते मला तिथे पटलं. मी त्या पट्ट्यात हेल्मेटची काच उघडी ठेवते.

नवीचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे तीही लांब स्ट्रोकचीच. ताकद २०.२ हॉर्सपॉवर. पण आत बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे थरथर जवळपास गेली. ठोका आहे, पण सभ्य. सुरुवातीला मला वाटलं यात काही राहिलं नाही. मग खोपोलीमार्गे जुन्या रस्त्याने लोणावळ्याला गेले. शिंग्रोबाच्या देवळाशी नारळ फोडला, घाट चढले, संध्याकाळी परत आले आणि रात्री हाताला मुंग्या नव्हत्या. जुनीवर तोच प्रवास केला की दुसऱ्या दिवशी बोटं थरथरतात. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि मनगटाचा किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी हा फरक हलक्यात घेऊ नये.

वेगाचा मुद्दा मुंबईकराने मनातून काढून टाकावा. सी लिंक दुचाकीला बंद, कोस्टल रोड बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद, अटल सेतू बंद, जेजे उड्डाणपूल बंद, पुण्याचा एक्स्प्रेसवे बंद. शहरातले जलद म्हणावेत असे बहुतेक नवे रस्ते आपल्याला वर्ज्य आहेत. मोटारसायकलवाल्याला उरतात ते जुने रस्ते, खड्डे आणि पेव्हर ब्लॉकसकट, आणि त्यांवर साठच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. तेवढा वेग दोन्ही गाड्यांना आहे. अलिबागला जाणाऱ्यांना २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो मिळते, तिथे तर दोघी सारख्याच उभ्या राहतात. फक्त जुनीखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, बोटीवरच्या माणसांना तेलाचे थेंब आवडत नाहीत.

मिस्त्रीचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि तो गाडी घेण्याआधी सोडवायचा. बुलेटचे सुटे भाग मिळतात. केबल, प्लेटा, पॉइंट, रबर, सगळं. बेअरिंग नागदेवीला, वापरलेले भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, काही दुर्मीळ वस्तू चोरबाजारात फेऱ्या मारल्यावर. पण बिडाचं इंजिन कानाने ओळखणारे हात शहरात कमी होत चालले आहेत. आमचे मिस्त्री २०१६ला गावी गेले. त्यानंतर बोअर करायची, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून नवा पिस्टन बसवायची, वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या एका गॅरेजवर विश्वास टाकला. त्यांनी पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा फारच कमी ठेवली. नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायचं असतं, ते मी केलं, तरी पेणच्या अलीकडे खारपाड्याच्या पुलावर दुपारच्या उन्हात पिस्टन जाम झाला. मागचं चाक एकदम थांबलं. क्लच वेळेत ओढला म्हणून वाचले. गॅरेजने चूक मान्य केली नाही आणि दुसऱ्यांदा बोअर करण्याचे पैसे माझेच गेले. सिलिंडरला बोअर किती वेळा करता येतो याला मर्यादा असते, त्यातली एक संधी अशी वाया गेली, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

म्हणून ज्याला जुनी घ्यायची आहे त्याने आधी तीन जुन्या बुलेटवाल्यांना विचारून मिस्त्री शोधावा, त्याच्याकडे एक-दोन रविवार नुसतं बसावं, आणि मग गाडी शोधायला निघावं. नवीच्या बाबतीत हा त्रास नाही. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला, मग ठरलेल्या अंतरांना, बिल हातात, वॉरंटी आहे. तिथे मिस्त्रीशी ओळख होत नाही, हेही खरं. काउंटरवरचा माणूस दर वेळी नवा असतो.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. जुन्या कार्ब्युरेटरमधली रबरं आणि पाइप त्याने फुगतात, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं म्हणून मुंबईच्या दमट हवेत टाकी आतून लवकर गंजते. मी पाइप बदलून टाकले आणि आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवते. ॲव्हरेजमध्ये दोघींत फार फरक नाही. माझी जुनी तीसच्या आसपास देते, नवी चौतीस-पस्तीस.

कागदपत्रांबद्दल लोकांच्या मनात खूप गोंधळ आहे. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी चालवायला बंदी हा दिल्ली आणि आसपासच्या भागातला विषय आहे. मुंबईत पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यायचं, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलला त्याची फी २,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागते. आणि मुंबईतली पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे अभ्यासायला २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने राज्य सरकारला समिती नेमायला सांगितली होती. आज बंदी नाही, पण पुढची वीस वर्षं जुनी चालवीन असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

जुनी घेताना मला सगळ्यात जास्त भीती कागदांचीच वाटते. आरसी बुक विकणाऱ्याच्याच नावावर हवं. मधल्या दोन मालकांनी नाव बदललंच नाही असं असेल तर तिथूनच परत फिरा. नंबर ऑनलाइन दिसतो का पाहा. पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद संगणकात चढलेलीच नसते आणि ती चढवून घ्यायला वडाळ्याच्या आरटीओत माझे स्वतःचे चार हेलपाटे झाले. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओतही असंच करतात. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे उठले पाहिजेत. भाचीबरोबर चेंबूरला पाहिलेली गाडी दुसऱ्या किकला चालू झाली होती, धूर नव्हता, आवाज असा की मी स्वतःच पैसे काढले असते. पण कागदावर शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल आणि किंचित तिरपे उठले. आम्ही कागदाची घडी केली, पाणी प्यायलो आणि निघालो. परतीच्या वाटेवर भाची विक्रोळीपर्यंत काही बोलली नाही.

पैशांचं गणित सोपं आहे. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी क्लासिक सव्वादोन लाखांच्या आसपास रस्त्यावर येते, रॉयल एनफील्डचीच हंटर ३५० त्याहून कमीत. हंटर हलकी आहे, १८१ किलो, आणि शहरातच फिरवायची असेल तर ती एकदा चालवून बघाच. भाचीसाठी आम्ही पाहिलेल्या जुन्या बुलेटचे भाव नव्वद हजारांपासून एक लाख साठ हजारांपर्यंत होते. दिसायला स्वस्त. पण कुठल्याही जुन्या गाडीला पहिल्या वर्षात टायर, वायरिंग, क्लच आणि हाफ इंजिन (इंजिनाच्या वरच्या भागाचं काम) धरून तीस-चाळीस हजार बाजूला काढून ठेवा. त्यातले उरले तर उत्तम.

यामाहाची आरएक्स हंड्रेड किंवा येझदी शोधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आरएक्स १९९६ला बंद झाली, म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही सुंदर, आणि आरएक्सच्या पिकअपची सर मला पुढे कशातच सापडली नाही. पण रस्त्यावर रात्रभर उभी ठेवायची असेल तर आरएक्स घेऊ नका. चोरांनाही ती तेवढीच आवडते.

जुनी आणि नवी यांच्या मधली वाट मात्र मी मनापासून सुचवते, विशेषतः भाचीसारख्यांना. साधारण २००९ ते २०१९ या काळातली यूसीई इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत) बुलेट किंवा क्लासिक, सेकंडहँड. गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे, त्यामुळे पायाचा गोंधळ नाही. बहुतेकींना सेल्फ आहे आणि किकही आहे, बॅटरी उतरली तरी घरी पोचता येतं. ३५०ला कार्ब्युरेटरच आहे, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं नातं टिकून राहतं. पुढे बहुतेकींना डिस्क मिळते, आणि शेवटच्या दोन वर्षांतली मिळाली तर एबीएससुद्धा. ठोका बिडाच्या इंजिनाइतका खोल नाही, पण नव्यापेक्षा नक्कीच जास्त. आणि हे इंजिन उघडणारे मिस्त्री प्रत्येक उपनगरात आहेत.

भाचीला हे पटलं. किक सोडायला ती तयार नव्हती आणि सकाळी ऐरोलीच्या पुलावर अडकायलाही.

आता बघायला जाण्याबद्दल शेवटचं, कारण इथेच माणूस फसतो. कुठलीही वापरलेली गाडी इंजिन गार असतानाच बघायची. भांडुपला आम्ही पोचलो तेव्हा मालकाने एका किकमध्ये चालू करून दाखवली. भाचीचा चेहरा फुलला. मी तिला सिलिंडरच्या पंख्यांजवळ पालथा हात न्यायला सांगितलं. चटका बसला. आम्ही यायच्या आधी त्याने गाडी तापवून ठेवली होती. आम्ही चहा घेऊन तासाभराने येतो म्हणालो. तासाभराने त्याने अकरा किक मारल्या, आणि चालू झाली तेव्हा निळा धूर थेट समोरच्या दुकानापर्यंत गेला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्हच्या गाइड सैल झाल्या.

येत्या रविवारी घाटकोपरला २०१९ची एक क्लासिक बघायला जायचंय. सकाळी सात वाजता. मालकाला फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत किकला पाय लावू नका.